पहिल्या खुडणीचा जपानी चहा आणि आपला व्यापारी

शहागंज भागात सुका मेवा आणि किराणा विकणारे माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलने त्यांच्याकडे जपानी हिरव्या चहाची मागणी केली. अजिंठा-वेरूळ पाहायला आलेले जपानी पाहुणे उतरणार होते, त्यांच्यासाठी "नव्या खुडणीचा" चहा हवा होता. दुकानदारांनी मुंबईच्या एका दलालाकडून चंदेरी पाकिटे मागवली आणि हॉटेलला पोहोचती केली. पाहुण्यांपैकी एका वृद्ध गृहस्थाने एक घोट घेतला, हसून कप खाली ठेवला आणि चहा जुना आहे एवढेच नम्रपणे सांगितले. तक्रार केली नाही, पैसे मागितले नाहीत. पण हॉटेलने दुसऱ्यांदा मागणी नोंदवली नाही.

दुकानदार ते पाकीट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाईसाब, हे बघा. मुदत संपायला अजून पाच महिने आहेत. मग माल जुना कसा?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर मात्र आपल्या बाजारातील फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून हा लेख. विषय एका परदेशी चहाचा असला तरी त्यातून जो धडा मिळतो तो हिमरू विणणाऱ्यालाही लागू आहे आणि अत्तर विकणाऱ्यालाही, हे वाचकांनी शेवटपर्यंत वाचल्यास लक्षात येईल.

पाकिटावरची तारीख आणि पानाचे वय

आपल्याकडे चहा म्हणजे दुधात उकळलेली कडक पत्ती. सिटी चौकात असो की रोशन गेटला, गिऱ्हाईक रंग आणि कडकपणा पाहते. वास कमी पडला तर आले आणि वेलदोडा तो भरून काढतात. अशा चहात पत्ती सहा महिन्यांची आहे की दीड वर्षाची, हे कोणी विचारत नाही आणि विचारण्याची फारशी गरजही पडत नाही.

जपानी हिरव्या चहाचे तसे नाही. तिथे पान खुडल्यावर लगेच वाफेवर धरतात. त्यामुळे पान काळे पडण्याची क्रिया थांबते आणि हिरवा रंग टिकतो. मग ते वळतात आणि सुकवतात. आज ज्या पद्धतीने सेन्चा हा तिथला नेहमीचा चहा बनतो, ती पद्धत उजी भागातील नागातानी सोएन या चहा उत्पादकाने 1738 साली बसवली असे मानतात. या चहात दूध नाही, साखर नाही, मसाला नाही. लपायला जागाच नाही. पान ताजे असेल तर घोटाघोटात कळते आणि शिळे असेल तर तेही कळते.

वर्षातून खुडणी तीन-चार वेळा होते. पहिली वसंतात, दुसरी जून-जुलैत, तिसरी त्यानंतर. पहिलीला तिथे इचिबान्चा म्हणतात. थंडीभर झुडूप विसावलेले असते. त्या काळात मुळांत तयार झालेले थेआनिन नावाचे द्रव्य वसंतातल्या कोवळ्या पानांत चढते. चहाची गोडी आणि भरदार चव त्यातूनच येते. उन्हाळा वाढला की सूर्यप्रकाशाने त्याच द्रव्याचे रूपांतर तुरट घटकांत होऊ लागते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या खुडणीचा चहा तुरट आणि स्वस्त. आपल्या मराठवाड्यात हुरडा जसा ठराविक दिवसांतच गोड लागतो, नंतर तीच ज्वारी भाकरीच्या कामाची उरते, तसाच हा प्रकार समजावा.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या खुडणीचा जो चहा तयार होताच, त्याच हंगामात विकला जातो त्याला शिन्चा, म्हणजे नवा चहा म्हणतात. उरलेला पहिल्या खुडणीचाच चहा शीतगृहात ठेवतात आणि वर्षभर लागेल तसा काढून, मिसळून, पाकिटात भरतात. यात लबाडी काही नाही, जपानमधील चांगल्या पेढ्याही हेच करतात. पण पाकिटावरची मुदत बहुधा पाकीट भरल्या दिवसापासून मोजलेली असते, पान खुडल्या दिवसापासून नव्हे. मे महिन्यात खुडलेले पान पुढच्या फेब्रुवारीत पाकिटात गेले, तरी त्यावर पुढच्या कित्येक महिन्यांची मुदत छापलेली दिसेल. आमच्या दुकानदारांचे पाकीट असेच होते. मुदत खरी होती आणि माल जुनाही होता.

म्हणून पहिला नियम असा की मुदतीवर विसंबू नये, खुडणीची तारीख विचारावी. जो विक्रेता ती सांगू शकत नाही त्याचा माल वाईटच असेल असे नाही, पण त्याला "नवा चहा" म्हणण्याचा हक्क नाही.

काय विचारावे, काय पाहावे

ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. तोंडी सौद्यावर आपले बाजार चालतात हे खरे, पण समोरचा माणूस हजारो किलोमीटर लांब नसता तर तोंडी सौदाही चालला असता.

पहिली गोष्ट, माल कोणत्या देशाचा. सेन्चा हे बनवण्याच्या पद्धतीचे नाव आहे, देशाचे नाही. जपानी पद्धतीने वाफवलेला चहा चीनमध्येही तयार होतो आणि सेन्चा याच नावाने विकला जातो. तो चीनचा म्हणून विकला तर हरकत नाही.

दुसरी, कोणत्या भागाचा. कागोशिमा हा दक्षिणेचा भाग, तिथे आणि त्याच्या दक्षिणेच्या बेटांवर खुडणी मार्चअखेर-एप्रिलच्या आरंभी सुरू होते. शिझुओकाच्या सपाटीवर एप्रिलच्या मध्यानंतर आणि क्योतोजवळच्या उजीला मे उजाडतो. शिझुओका हे नाव शतकभर पहिले होते, परंतु 2024 मध्ये कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमाने त्याला मागे टाकले. तेव्हा केवळ जुन्या नावाला जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी, कोणती खुडणी आणि कोणता आठवडा. जपानी पंचांगात वसंतारंभापासूनचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस, म्हणजे मे महिन्याची 1 किंवा 2 तारीख, चहाच्या खुडणीसाठी शुभ मानतात. हंगामाच्या अगदी पहिल्या लिलावाचा भाव शकुनाचा असतो. आपल्याकडे आंब्याच्या पहिल्या पेटीला जसा मुहूर्ताचा भाव मिळतो तसा. त्या भावाने घेतलेला माल सर्वांत चांगला असतोच असे नाही. दहा-पंधरा दिवस धीर धरणाऱ्याला बरोबरीचा किंवा सरस माल कमी पैशात मिळतो.

चौथी, वाफ किती दिली. कमी वाफवलेले पान सुईसारखे लांब व चकचकीत राहते. जास्त वाफवलेल्याला फुकामुशी म्हणतात, त्याचा चुरा अधिक असतो आणि रंग गडद उतरतो. आपल्याकडे चुरा दिसला की गिऱ्हाईक माल हलका समजते. इथे तसे नाही, हे विकणाऱ्याला माहीत हवे.

पाचवी, पाकीट कसे भरले. हवा काढून किंवा नायट्रोजन भरून, प्रकाश न शिरणाऱ्या पिशवीत भरलेला चहाच घ्यावा. काचेच्या बरणीत सजवलेला हिरवा चहा उजेडाने आठवड्याभरात फिका पडू लागतो.

सहावी, कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी दाखला. जपानमध्ये चालणारी मर्यादा आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा एकच असेल असे धरून चालू नये.

नमुना आल्यावर डोळ्याने आणि नाकाने पारख करावी. ताज्या पानाचा रंग गडद, तेजदार हिरवा असतो आणि वास कापलेल्या ओल्या गवताचा येतो. पान पिवळट-तपकिरी झाले असेल व वास वाळल्या कडब्याचा येत असेल तर माल शिळा. मग पाच ग्रॅम पान घेऊन 70 ते 80 अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवावे. उकळते पाणी ओतले तर उत्तम चहाही कडू होतो आणि दोष मात्र मालाला लागतो. पाण्याचीही गोष्ट आहे. आपल्या शहराला जायकवाडीचे पाणी येते, पण अनेक मोहल्ल्यांत बोअरचे पाणी वापरतात आणि ते जड असते. जड पाण्यात या चहाची चव दबते. पारख करताना हलके, गाळलेले पाणी घ्यावे आणि विकताना गिऱ्हाइकालाही ते सांगावे.

मे महिन्याचे ऊन

हा चहा जपानमधून निघतो नेमका मे महिन्यात. त्याच वेळी आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. उष्णता, ओल, उजेड, हवा आणि परका वास हे या चहाचे पाच वैरी आहेत. मुंबईच्या विमानतळावर कागदपत्रांअभावी माल आठवडाभर पडून राहिला, मग बंद ट्रकच्या टपाखाली दुपारभर तापला, तर महिन्याभरापूर्वी खुडलेले पानही इथे उतरेपर्यंत म्हातारे होईल.

म्हणून कागदपत्रे माल निघण्यापूर्वीच तयार हवीत. मुंबईहून माल रात्रीच्या गाडीने आणावा. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाल्यापासून एका रात्रीत माल येणे सोपे झाले आहे. ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात दोन दिवस पडू देऊ नये, बिल्टी हातात येताच उचलावा.

दुकानात ठेवताना आणखी काळजी हवी. आपली कित्येक दुकाने अशी आहेत की एका फळीवर मसाला, दुसरीवर अगरबत्ती आणि गल्ल्याजवळ अत्तराच्या कुप्या. चहाचे पान कापसासारखे वास ओढून घेते. लवंग-दालचिनीच्या शेजारी उघडा ठेवलेला हिरवा चहा दोन दिवसांत मसाल्याचा वास देऊ लागतो. बंद पाकिटे फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण बाहेर काढल्यावर लगेच फोडू नयेत. बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, नाहीतर गार पानांवर दव धरते आणि पाकीट बिघडते. फोडलेले पाकीट दोन-चार आठवड्यांत संपवावे. म्हणून 100 ग्रॅमची किंवा त्याहून लहान पाकिटेच मागवावीत. किलोची थैली फोडून सुटा विकण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

हिशेब आधी, उत्साह नंतर

आता पैशाचे बोलू. परदेशी चहावर आपल्या देशात मूळ सीमाशुल्क 100 टक्के आहे. त्यावर समाजकल्याण अधिभार म्हणून शुल्काच्या 10 टक्के आणि मग 5 टक्के एकात्मिक जीएसटी. समजा, 100 ग्रॅमच्या पाकिटाची जपानमधील किंमत 1,000 रुपये आणि विमानभाडे व विमा 200 रुपये. मूल्य झाले 1,200. सीमाशुल्क 1,200, अधिभार 120, एकूण 2,520. त्यावर जीएसटी 126. म्हणजे पाकीट 2,646 रुपयांना पडले. कस्टम एजंटाची फी, तपासणी आणि मुंबईहून आणण्याचा खर्च वेगळाच. नोंदणी असलेल्याला जीएसटीचे 126 रुपये पुढे वजा मिळतील, बाकीचे मिळणार नाहीत. दर बदलत असतात, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यात एजंटाकडून ते लेखी घ्यावेत.

शंभर पाकिटे मागवली तर 2,64,600 रुपये गुंतले. त्यातली तीस पाकिटे दिवाळीपर्यंत पडून राहिली तर 79,380 रुपये फळीवर अडकले, आणि ती पाकिटे आता "नवा चहा" राहिलेली नाहीत. इथेच माणसाची नियत घसरते. जुना माल नवा म्हणून खपवण्याचा मोह गल्ल्यातल्या तोट्यातून जन्मतो. तेव्हा प्रामाणिक राहायचे असेल तर ऑर्डरच लहान ठेवली पाहिजे. नंतर मनाशी झगडत बसण्यापेक्षा आधी आकडा कमी करणे सोपे.

काही जण यावर एक वाट सुचवतात. ओळखीच्या माणसाकडून भेट म्हणून पार्सल मागवायचे आणि दुकानात विकायचे. ही वाट धरू नये. विक्रीसाठी खाद्यपदार्थ आणायचा तर आयात-निर्यात संकेतांक लागतो, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आयात परवाना लागतो आणि पाकिटावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक व कमाल किंमत असावी लागते. छोट्या दुकानदाराने हे सर्व स्वतः करण्यापेक्षा परवाना असलेल्या आयातदाराकडून, पण वरच्या सहा प्रश्नांची लेखी उत्तरे घेऊन, माल घ्यावा. पाच-सात दुकानदारांनी मिळून एकच मागणी नोंदवली तर भाडेही वाटले जाईल आणि आयातदारही त्यांचे ऐकेल.

2024 पासून माचा, म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानाची पूड, जगभर इतकी मागितली जाऊ लागली की त्या वर्षीच्या शरदात क्योतोच्या नामांकित पेढ्यांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली. भाव चढले. अशा वेळी बाजारात नावाला भुलणारे गिऱ्हाईक वाढते आणि नावावर हलका माल खपवणारेही वाढतात. त्या गर्दीत आपण नसावे.

आगाऊ पैसे आणि आपली शिकवण

पहिल्या खुडणीचा चहा बहुधा आगाऊ नोंदणीने विकला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे भरायचे, मेमध्ये माल घ्यायचा. आपल्या बांधवांपैकी काहींना शंका येते की जो माल अजून झाडावरही आलेला नाही त्याचे पैसे आज देणे योग्य कसे?

ही शंका नवी नाही. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तिथले लोक खजुरासाठी एक-दोन वर्षे आधी पैसे देत असत. त्यांनी तो व्यवहार बंद केला नाही, तर माप ठरलेले, वजन ठरलेले आणि मुदत ठरलेली असावी अशी अट घातली. हाच सलमचा व्यवहार. शेतकऱ्याला हंगामापूर्वी भांडवल मिळते, व्यापाऱ्याला रास्त भाव मिळतो आणि व्याजाचा प्रश्न येत नाही. पैसे मात्र पूर्ण आणि सौद्याच्या वेळीच द्यायचे असतात.

या अटी चहाला लावून पाहा. वजन इतके किलो, प्रत सेन्चा, या वर्षीची पहिली खुडणी, अमुक भागातली, अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचती. फुकहांनी आणखी एक खबरदारी सांगितली आहे. एकाच विशिष्ट बागेच्या फळावर सौदा बांधू नये, कारण ती बाग बुडाली तर माल येणार कुठून? चहाच्या बाबतीत ही खबरदारी किती नेमकी आहे पाहा. वसंतातले उशिराचे हिम कोवळे कोंब एका रात्रीत जाळते. म्हणूनच जपानच्या मळ्यांत खांबांवर मोठे पंखे लावलेले असतात, वरची उबदार हवा ते खाली ढकलतात. तेव्हा सौदा भागाच्या आणि प्रतीच्या नावाने करावा, आणि माल न आल्यास पैसे परत मिळण्याचे कलम लिहून घ्यावे.

पुढचा प्रश्न आपल्या गिऱ्हाइकाच्या पैशांचा. माल ताब्यात नसताना तो आपला म्हणून विकणे योग्य नाही. सोपा मार्ग आडतीचा आहे. हॉटेलला स्पष्ट सांगावे की मी तुमच्या वतीने मागवतो, मूळ बिल दाखवतो आणि पाकिटामागे ठरलेली आडत घेतो. यात दुकानदाराचे भांडवल अडकत नाही, नफा ठरलेला राहतो आणि जुना माल उरण्याचा प्रश्नच येत नाही. बारकावे ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून घ्यावेत.

आणि उरलाच माल, तर? मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारल्याची हदीस आपण सारे जाणतो. चहाच्या दुकानात तिचा अर्थ एवढाच की खुडणीचे वर्ष पाटीवर लिहावे. गेल्या वर्षीचा असेल तर गेल्या वर्षीचा म्हणून, कमी किमतीत विकावा. घेणारे घेतात.

हिमरूवाल्याने हे का वाचावे

आता कारागीर बंधूंकडे वळतो. आपली तक्रार काय असते? यंत्रमागावरचे स्वस्त कापड हिमरू म्हणून विकले जाते आणि हातमागावर सूत-रेशीम एकत्र विणणारा उपाशी राहतो. पर्यटक नाव विकत घेतो, वस्तू त्याला मिळत नाही. तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण ज्या गल्लीत आपण ही तक्रार करतो, त्याच गल्लीत आपणच गेल्या वर्षीचा चहा या वर्षीचा म्हणून विकत असू, तर आपल्या तक्रारीत वजन किती उरते? नावाखाली दुसरीच वस्तू देणे हा एकच गुन्हा आहे, मग माल कापडाचा असो वा पानाचा.

जपानी गिऱ्हाईक या शहराला नवे नाही. अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धनासाठी आणि पर्यटन सुविधांसाठी जपानने 1992 आणि 2003 मध्ये कर्जसाहाय्य दिले. बौद्ध लेणी पाहायला तिथले यात्रेकरू वर्षानुवर्षे येत आहेत. आता 2024 च्या जुलैत टोयोटा किर्लोस्कर मोटरने या जिल्ह्यात मोठ्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. म्हणजे उद्या फक्त दोन दिवसांचे पाहुणे नव्हेत, इथे राहणारी, रोज बाजारात येणारी माणसे असू शकतील. त्यांना चहा लागेल, तांदूळ लागेल, घरी पाठवायला भेटवस्तू लागतील. हिमरूची शाल आणि बिदरीची डबी त्यांनी घ्यावी असे आपल्याला वाटते ना? मग आपल्याविषयी त्यांचे पहिले मत कशावरून बनेल, याचा विचार करा. कदाचित शंभर ग्रॅमच्या एका पाकिटावरून. ज्या दुकानदाराने चहाची तारीख खरी सांगितली, त्याने सांगितलेले "ही शाल हातमागाची आहे" हे वाक्यही खरे मानले जाईल.

चहासोबत जशी खुडणीची चिठ्ठी मागायची, तशी चिठ्ठी आपणही मालासोबत द्यायला शिकावे. शाल कोणत्या मागावर विणली, किती दिवस लागले, सूत किती व रेशीम किती, महिना कोणता. दोन ओळी पुरेत. छपाईचा खर्च नगण्य आहे आणि यंत्रमागवाल्याला या चिठ्ठीची नक्कल खोटे बोलल्याशिवाय करता येणार नाही.

परदेशीच का?

काही वाचक विचारतील की आपल्या देशात इतका चहा पिकत असता परक्याचा चहा कशाला? आक्षेप योग्य आहे. मीही सांगेन की ज्याच्याकडे जपानी चहाचे पक्के गिऱ्हाईक नाही त्याने तो मागवूच नये. पहिल्या खुडणीचा चहा आपल्याकडेही आहे. दार्जिलिंगची पहिली खुडणी फेब्रुवारीअखेर-मार्चपासून एप्रिलपर्यंत चालते. हिमाचलातील कांगडा खोऱ्याचा हिरवा चहा एके काळी अमृतसरमार्गे काबूलपर्यंत जात असे. त्या चहाला 2005 मध्ये भारतात आणि 2023 मध्ये युरोपीय संघात भौगोलिक मानांकन मिळाले. यांवर सीमाशुल्काचा बोजा नाही, माल चार दिवसांत येतो आणि भांडवल थोडे लागते. शिकण्यासाठी हाच चहा उत्तम.

मात्र प्रश्न तेच विचारावे लागतील. कोणता मळा, कोणती खुडणी, कोणता महिना, लॉट क्रमांक काय. दार्जिलिंगच्या नावाने नेपाळचा चहा विकला जातो अशी तिथल्या मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. आपल्या हिमरूवाल्याची आणि त्यांची तक्रार एकच नव्हे काय? तेव्हा चहा मंडळाचे बोधचिन्ह आणि बिलावरील मळ्याचे नाव जुळते का, हे पाहूनच पैसे द्यावेत. आणि कांगड्याचा चहा कांगड्याचा म्हणूनच विकावा. "जपानी पद्धतीचा" अशी पाटी लावून गिऱ्हाइकाला संभ्रमात टाकू नये.

माझ्या ओळखीच्या त्या दुकानदारांनी पुढच्या हंगामात एक वही केली. मार्चमध्ये तीन गिऱ्हाइकांकडून मागणी लिहून घेतली, चौदा पाकिटे मागवली, प्रत्येकावर खुडणीचा महिना हाताने लिहून चिकटवला. मे महिन्याच्या शेवटी माल आला. त्यातील एक पाकीट घेऊन ते स्वतः त्या जुन्या हॉटेलात गेले, गेल्या खेपेला चूक माझी होती असे म्हणाले आणि पाकीट विनामूल्य ठेवून आले. जूनमध्ये हॉटेलने सहा पाकिटांची मागणी पाठवली. नफा फार झाला नाही. पण ते मला म्हणाले, "भाईसाब, या वेळी पाकीट देताना छातीत धडधडले नाही."

व्यापारी बंधूंनो, येता फेब्रुवारी फार लांब नाही. ज्यांना हा माल करायचा असेल त्यांनी आतापासून गिऱ्हाइके मोजावीत, भाव लेखी घ्यावेत आणि जेवढी नावे वहीत असतील तेवढीच पाकिटे मागवावीत. ज्यांना करायचा नसेल त्यांनीही आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या फळीवरचा एक डबा उचलून पाहावा आणि त्यातील मालाचे खरे वय गिऱ्हाइकाने विचारले तर आपण काय उत्तर देऊ, हे स्वतःला विचारावे.